सीरियल एडीसी आधी शिकवा: एका बदललेल्या मताविषयी

इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला आलेल्या मुलांना एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करून देणारा भाग, शिकवायचा तर तो समांतर चिपवरच शिकवावा. सीरियल चिप नंतर कधीतरी, प्रोजेक्टच्या वेळी बघता येईल, असे माझे अनेक वर्षे ठाम मत होते. प्रयोगांची यादी ठरवताना मी त्यासाठी सहकाऱ्यांशी वाद घातले आहेत आणि बहुतेक वेळा माझेच म्हणणे मान्यही झाले आहे. आज मी त्याच्या नेमके उलट म्हणते: सीरियल एडीसी आधी शिकवा, तोही लायब्ररी न वापरता, एकेक बिट हाताने वाचून. हे मत कशामुळे बदलले, ते इथे सविस्तर मांडायचे आहे, कारण ज्या सहकाऱ्यांशी मी वाद घातला त्यांना आणि ज्या मुलांना मी शिकवले त्यांना ते कळायला हवे असे मला वाटते.

आधी जुन्या मताची बाजू. आपल्याकडे 8051 मायक्रोकंट्रोलर शिकलेल्या कुणालाही एडीसी0808 किंवा 0809 ही चिप आठवत असेल. 28 पिनांची, आठ इनपुट असलेली, आठ बिटांचा आकडा देणारी. तीन अ‍ॅड्रेस लाइन देऊन इनपुट निवडायचा, एएलईने तो पक्का करायचा, स्टार्टचा पल्स द्यायचा, ईओसी वर जाण्याची वाट बघायची, मग आउटपुट एनेबल करून आठही बिट एकदम पोर्टवर घ्यायचे. या क्रमात एक शिस्त आहे. आधी विचारा, मग थांबा, तयार झाल्याचा निरोप आला की घ्या. शिवाय आठ डेटा लाइनींना आठ एलईडी लावले की पोटेन्शिओमीटर फिरवताना मुलांना बायनरी आकडा डोळ्यांसमोर चढता-उतरताना दिसतो. पहिल्यांदा ते दिवे बघणाऱ्या मुलाचा चेहरा मी विसरू शकत नाही. शिकवणाऱ्याला आणखी काय हवे असते?

याउलट सीरियल चिप मला तडजोड वाटायची. एमसीपी3008 घ्या. 16 पिना, त्यांतल्या आठ इनपुटला गेलेल्या. मायक्रोकंट्रोलरकडे जाणाऱ्या तारा फक्त चार: चिप सिलेक्ट, क्लॉक, डीइन आणि डीआउट. माझी समजूत अशी होती की आत दहा बिटांचा आकडा तयार होतो, पण बाहेर न्यायला पिना पुरेशा नाहीत, म्हणून तो सुटा करून एकेक बिट बाहेर काढायचा आणि पलीकडे पुन्हा जोडायचा. म्हणजे मोजण्याचे काम वेगळे आणि ते पोहोचवण्याचे काम वेगळे. आणि हा पोहोचवण्याचा सगळा खटाटोप मोजणे शिकू पाहणाऱ्या मुलाच्या डोक्यावर लादलेला. त्यात मुले करायची काय, तर कुठूनतरी तीन बाइट उचलायची. पहिला बाइट 1, दुसरा 128, तिसरा 0. ते पाठवले की आकडा मिळतो. तोंडी परीक्षेत मी विचारायचे, “हे 128 कुठून आले?” उत्तर यायचे, “मॅडम, तसेच द्यायचे असते.” या उत्तराने माझे मत दर वर्षी अधिक पक्के होत गेले. सीरियल चिप समज झाकते, समांतर चिप समज उघडी करते, असे मी म्हणत राहिले.

मग रास्पबेरी पाय प्रयोगशाळेत आला. त्या बोर्डावर अ‍ॅनलॉग इनपुट नाहीत. मुलांना थर्मिस्टर किंवा जमिनीतील ओलाव्याचा सेन्सर जोडायचा असला की बाहेरून एडीसी लावावा लागतो, आणि हातात येतो तो बहुतेक वेळा एमसीपी3008. टाळता येईना, तेव्हा मी ठरवले की निदान समोर घडताना दाखवावे. क्लॉक मुद्दाम मंद करायचा, सेकंदाला एक ठोका, आणि प्रत्येक ठोक्यानंतर डीआउटवर शून्य आहे की एक ते पडद्यावर उमटवायचे. एलईडींच्या जागी ही सोय. बिट ठरल्याप्रमाणे एकेक करून आले. पण जुळवून काढलेला आकडा मल्टीमीटरच्या व्होल्टेजशी जुळेना. तोच प्रोग्राम, त्याच तारा. क्लॉक नेहमीच्या वेगाने चालवला की आकडा बरोबर. मंद केला की चूक.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने तेव्हा विचारले, “मॅडम, हा बिट आत आधीच तयार असतो, की आपण ठोका दिल्यावर तयार होतो?”

माझ्या जुन्या मताचा सगळा पाया या प्रश्नाच्या पहिल्या पर्यायावर होता. उत्तर डेटाशीटमध्ये आहे, आणि ते दुसरा पर्याय बरोबर असल्याचे सांगते. एमसीपी3008 इनपुटचे व्होल्टेज सुमारे 20 पिकोफॅरडच्या एका इवल्याशा कपॅसिटरवर धरून ठेवते. नमुना घेऊन झाल्यापासून शेवटचा बिट बाहेर येईपर्यंत 1.2 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका, म्हणजे क्लॉक साधारण 10 किलोहर्ट्झच्या खाली नेऊ नका, असे डेटाशीट बजावते. कारण कपॅसिटरवरचा विद्युतभार हळूहळू गळतो. आकडा आधीच तयार होऊन साठवलेला असता तर तो तासभर थांबला तरी बिघडला नसता. तो बिघडतो, कारण आपण ठोके देत असताना मोजणी चालूच असते. आपल्या प्रत्येक ठोक्यावर चिप एका बिटाचा निर्णय घेते आणि तो निर्णय त्याच क्षणी बाहेर टाकते.

हे समजून घेण्यासाठी तराजू डोळ्यांसमोर आणावा. एका पारड्यात वस्तू, आणि वजने अशी की प्रत्येक आधीच्याच्या निम्मे. सर्वांत मोठे वजन ठेवा. वस्तू त्याहून जड असेल तर राहू द्या, हलकी असेल तर काढा. मग पुढचे वजन. शेवटच्या वजनापर्यंत गेलात की पारड्यात राहिलेली वजने हेच उत्तर. ही रीत जुनी आहे. निकोलो तार्ताल्या या इटालियन गणितज्ञाने 1556 मध्ये 1, 2, 4, 8, 16, 32 पौंडांची वजने वापरून वजन करण्याचा विचार मांडला होता. एडीसीमध्ये वजनांच्या जागी व्होल्टेज असते, एवढाच फरक. संदर्भ व्होल्टेज 3.3 आणि इनपुट 2 व्होल्ट धरू. पहिला प्रश्न: 1.65 पेक्षा जास्त आहे का? आहे, म्हणून 1. दुसरा: 2.475 पेक्षा? नाही, 0. तिसरा: 2.0625 पेक्षा? नाही, 0. चौथा: सुमारे 1.856 पेक्षा? आहे, 1. असे दहा प्रश्न संपले की हातात येते 1001101100, म्हणजे 620. आणि 620 भागिले 1024 गुणिले 3.3 करून पाहा, 2 व्होल्टच्या अगदी जवळ येते.

आता बघा, हे दहा निर्णय मुळातच एकामागून एक होतात. तिसरा निर्णय पहिल्या दोन्हींवर अवलंबून आहे, त्यामुळे ते एकदम होऊच शकत नाहीत. सर्वांत मोठा बिट आधी ठरतो, म्हणून तो आधी बाहेर येतो. मी ज्याला पिनांच्या टंचाईमुळे केलेली तडजोड समजत होते, तो या मोजणीचा अंगचा क्रम आहे. सीरियल तार हा क्रम जसाच्या तसा बाहेर आणते.

मग माझ्या आवडत्या 0809चे काय? तीही आतून हेच करते. एका बिटाच्या निर्णयाला तिला आठ ठोके लागतात. आठ बिटांचे 64. क्लॉक 640 किलोहर्ट्झचा असेल तर बरोबर 100 मायक्रोसेकंद होतात, आणि डेटाशीटमध्ये रूपांतरणाचा नेहमीचा वेळ म्हणून हाच आकडा दिला आहे. म्हणजे तिथेही बिट एकेक करूनच ठरतात. फक्त ते आत साठवले जातात आणि आउटपुट एनेबल दिल्यावर आठही एकदम दाखवले जातात. इतकी वर्षे मी म्हणत होते की समांतर चिप समज उघडी करते. प्रत्यक्षात मोजणीचा सगळा प्रवास तीच पडद्याआड ठेवते आणि फक्त निकाल जाहीर करते. एलईडीवर मुलांना दिसायचे ते उत्तर होते. ते कसे निघाले हे त्यांना कधीच दिसले नव्हते. ही गोष्ट लक्षात आली आणि माझे मत फिरले.

एकदा तसे पाहायला लागल्यावर तोंडी परीक्षेतला तो 128 सुद्धा वेगळा दिसू लागला. तीन बाइट म्हणजे 24 ठोके. पहिले सात शून्य, ज्यांकडे चिप लक्ष देत नाही. आठवा 1, हा स्टार्ट बिट. नववा 1, म्हणजे इनपुट एकेरी मोजायचा, दोन इनपुटमधला फरक नको. दहावा, अकरावा आणि बारावा या तीन बिटांत इनपुटचा क्रमांक. तेरावा नमुना पुरा होण्यासाठी, चौदावा चिपकडून येणारा रिकामा शून्य, आणि पंधराव्यापासून चोविसाव्यापर्यंत आपले दहा बिट. सगळे तंतोतंत बसते. दुसऱ्या बाइटमधला 128 म्हणजे नववा बिट 1 आणि पुढचे तीन शून्य, अर्थात पहिला इनपुट. त्यात जादू काहीच नाही. हा हिशेब एका बैठकीत समजतो. तो मुलांना सांगितला गेला नव्हता, इतकेच.

क्लॉकचा वेग हा नुसता निरोप पोहोचवण्याचा वेग नाही, हेही त्यातून उलगडत गेले. 5 व्होल्टवर एमसीपी3008 जास्तीत जास्त 3.6 मेगाहर्ट्झचा क्लॉक घेते. नमुना घ्यायला दीड ठोका मिळतो, म्हणजे या वेगाला सुमारे 0.42 मायक्रोसेकंद. आता 10 किलो-ओहमचा थर्मिस्टर तेवढ्याच रेझिस्टरबरोबर जोडला तर चिपला समोर 5 किलो-ओहम दिसतात, आतल्या स्विचचे सुमारे 1 किलो-ओहम आणखी. तेवढ्यातून 20 पिकोफॅरडचा कपॅसिटर दहा बिटांच्या अचूकतेपर्यंत भरायला साधारण 0.9 मायक्रोसेकंद लागतात. पूर्ण वेगाने चालवले तर कपॅसिटर अर्धवट भरलेला असतानाच मोजणी सुरू होते. क्लॉक 1 मेगाहर्ट्झवर आणा, दीड मायक्रोसेकंद मिळतो आणि आकडा खरा येतो. फार मंद चालवले तर भार गळतो, फार वेगात चालवले तर भरत नाही. सेन्सर, सर्किट आणि प्रोग्राम हे तीन वेगवेगळे विषय नाहीत, हे मुलांना पटवून देणारे इतके सरळ उदाहरण मला समांतर चिपमध्ये सापडले नव्हते.

चुकाही इथे बोलक्या असतात. आकडा बरोबर निम्मा येत असेल तर वाचायला एक ठोका आधी सुरुवात झाली आहे. रिकामा शून्य पहिला बिट म्हणून घेतला गेला. डीइन क्लॉक वर जाताना वाचला जातो आणि डीआउट क्लॉक खाली येताना बदलतो. हे उलटे घेतले की आकडे सरकतात. डीआउटची तार सुटली तर सगळेच शून्य किंवा सगळेच एक. कारण शोधायला मुलांना डेटाशीटमधल्या आकृतीकडे जावेच लागते, आणि ती आकृती एकदा वाचता आली की पुढची कुठलीही सीरियल चिप परकी राहत नाही.

वजनकाट्यांमध्ये वापरला जाणारा एचएक्स711 याचे चांगले उदाहरण आहे. लोडसेलमधून येणारे काही मिलिव्होल्ट ही चिप 24 बिटांत मोजते, आणि तारा दोनच. डीआउट खाली आला की आकडा तयार. मग 24 ठोके देऊन 24 बिट घ्यायचे. पंचविसावा ठोका दिला तर पुढचे मोजमाप पहिल्या चॅनेलवर 128 पटींनी वाढवून. सव्वीस दिले तर दुसऱ्या चॅनेलवर 32 पटींनी. सत्तावीस दिले तर पहिल्याच चॅनेलवर 64 पटींनी. म्हणजे ठोक्यांची संख्या हाच हुकूम. ठोक्याची तार 60 मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वर राहिली तर चिप झोपी जाते, म्हणून मधेच इंटरप्ट आला की बिनसते. आणि रिकाम्या काट्याचा आकडा शून्याच्या जरा खाली गेला की प्रोग्राममध्ये एकदम 1 कोटी 67 लाखांच्या घरातली संख्या उमटते, कारण सर्वांत आधी येणारा बिट ऋण चिन्हाचा आहे हे विचारात घेतलेले नसते. एमसीपी3008चे 24 ठोके हाताने मोजलेल्या मुलांना यातले काहीही अवघड जात नाही.

आणखी एक मुद्दा मी पूर्वी हलक्यात काढत असे: तारा. 0809ला आठ डेटा, तीन अ‍ॅड्रेस, एएलई, स्टार्ट, ईओसी, आउटपुट एनेबल आणि क्लॉक, अशा 16 तारा लागतात. 8051च्या 32 पोर्ट लाइनींपैकी निम्म्या एका एडीसीनेच खाल्ल्या. इतके करून 5 व्होल्टच्या संदर्भावर एक पायरी सुमारे 19.5 मिलिव्होल्टची, म्हणजे तापमानाचा एलएम35 सेन्सर लावला तर जवळजवळ 2 अंश सेल्सिअसची. संदर्भ 2.56 व्होल्टवर आणून आम्ही ती एक अंशावर आणायचो. अर्धा अंश हवा असेल तर आणखी बिट हवेत, आणि समांतर चिपमध्ये बिट वाढले की तारा वाढतात. एमसीपी3008च्या जागी त्याच पिनरचनेचा 12 बिटांचा एमसीपी3208 बसवा. तारा चारच्या चार. बिट वाढले तर दोन ठोके वाढतात. शिवाय चार तारांमुळे चिप सेन्सरजवळ ठेवता येते आणि मिलिव्होल्टांतले नाजूक सिग्नल लांबवर न्यावे लागत नाहीत.

हा बदल झाला म्हणून जुन्या मतातले सगळेच मी टाकून दिलेले नाही. मुले न समजता ओळी उचलतात, ही माझी काळजी खरी होती आणि आजही आहे. पण तिचे कारण मी सीरियल चिपमध्ये शोधत होते आणि ते होते तयार लायब्ररीत. लायब्ररी समांतर चिपलाही तितकीच झाकू शकते. माझ्या नव्या मतालाही मर्यादा आहे. बिट एकेक करून ठरतात ते या तराजूच्या रीतीने चालणाऱ्या चिपमध्ये. एचएक्स711 वेगळ्या, डेल्टा-सिग्मा रीतीने मोजतो. तिथे आकडा आधी तयार होतो आणि मग पाठवला जातो, म्हणून त्या चिपला माझी जुनी समजूत लागू पडते. आणि जिथे सेकंदाला कोट्यवधी नमुने घ्यायचे असतात तिथे समांतर आउटपुटला आजही जागा आहे. हे फरक मुलांना सांगायला हवेत, पण मोजणी मुळात कशी होते ते कळल्यावर.

तराजूच्या रीतीच्या मोजणीमागे मोठी परंपरा आहे, तीही मी आता वर्गात सांगते. बर्नार्ड गॉर्डन यांचा 1954 चा डेट्रॅक हा 11 बिटांचा एडीसी व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचा आणि त्याचे वजन 150 पौंड, म्हणजे 68 किलो होते. 1975 मध्ये बर्कलीच्या जेम्स मॅक्क्रिअरी आणि पॉल ग्रे यांनी सिलिकॉनवरच्या कपॅसिटरांमध्ये विद्युतभाराची फेरवाटणी करून हीच मोजणी करता येते हे दाखवले. आज आपल्या ब्रेडबोर्डवर बसणारी 16 पिनांची चिप त्या वाटेवरची आहे. आपण देतो तो प्रत्येक ठोका त्या रीतीतला एक निर्णय घडवतो, हे कळले की मुले अधिक जपून ठोके देतात असा माझा अनुभव आहे.

म्हणून माझी शिकवणाऱ्या सर्वांना विनंती आहे. पहिल्या तासाला लायब्ररी उघडू नका. आलेखाच्या कागदावर 24 ठोके काढायला लावा आणि प्रत्येकाखाली तो कशासाठी आहे ते लिहून घ्या. मग चार पिना हाताने वर-खाली करणारा प्रोग्राम लिहू द्या. 8051 असेल तर डीआउटवरचा बिट कॅरीत घ्यायचा आणि अ‍ॅक्युम्युलेटर डावीकडे फिरवायचा, एवढेच काम आहे. आलेला आकडा मल्टीमीटरशी ताडून पाहू द्या. लॉजिक अ‍ॅनलायझर असेल तर तेच ठोके पडद्यावर दाखवा. त्यानंतर खुशाल लायब्ररी द्या, कारण तोपर्यंत ती काय करते हे त्यांना माहीत झालेले असेल. समांतर चिप त्यापुढच्या आठवड्यात काढा आणि विचारा, हिच्या आत काय चालले असेल? उत्तर मुलेच देतील.